पोटातली वस्ती : कल्याण छावणी, पिंपरीचे पेनिसिलिन आणि लहान मुलांची आतडी

१/
१९५४ या एकाच वर्षात परस्परांशी वरकरणी संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. पुण्याजवळ पिंपरी येथे ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ ही स्वतंत्र भारतातील पहिली सरकारी औषध कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील शिकागो शहरात उंदरांवर केलेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या घटनेने जीव वाचवणारे औषध भारतीयांच्या आवाक्यात आणले. दुसरीने अशा औषधांची शरीराला कोणती किंमत मोजावी लागते, हे दाखवले.

२/
उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरच्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाकडे आज एक प्रश्न हमखास विचारला जातो : अँटिबायोटिकचा कोर्स संपला, ताप गेला, पण मुलाचे पोट बिघडले, भूक गेली, ते पुन्हापुन्हा आजारी पडते, त्याला काय द्यावे? हा प्रश्न वैद्यकाचा खराच. परंतु त्याच्या पाठीमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील काही महत्त्वाची पाने मुंबई, पिंपरी आणि कल्याणच्या परिसरात लिहिली गेली. हा थ्रेड त्या इतिहासाचा.

३/
आरंभ छावणीपासून करू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ लष्करी तळ उभारला : बराकींच्या रांगा, सामायिक नळ, सामायिक शौचकूप. युद्ध संपले, सैनिक गेले आणि बराकी ओस पडल्या. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला. पाच कॅम्पांत विभागलेल्या या वसाहतीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी, गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत, उल्हास नदीवरून ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले.

४/
निर्वासितांच्या छावणीत सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो आणि तो पाण्यातून येतो. दाटीवाटी, अपुरे पाणी आणि सामायिक शौचकूप एकत्र आले, की हगवण व अतिसार फैलावतात, हे जगभरच्या छावण्यांत पुन:पुन्हा दिसले आहे. १९४० च्या दशकात जुलाबाने कोरड्या पडलेल्या मुलाला वाचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे शिरेतून सलाईन. ते मोजक्या रुग्णालयांतच मिळे. पेनिसिलिन नुकतेच ऐकू येऊ लागले होते आणि तेही परदेशातून येई.

५/
आता आणखी पन्नास वर्षे मागे जाऊ. ऑक्टोबर १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन प्लेगच्या साथीने हादरलेल्या मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका लहानशा प्रयोगशाळेत त्यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलली. १९२५ पासून ती ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ म्हणून ओळखली जाते.

६/
हाफकिन यांचे गुरू फारसे कुणाच्या लक्षात नसतात. ओडेसाच्या विद्यापीठात हाफकिन यांना शिकवले ते एली मेचनिकॉफ यांनी. मेचनिकॉफ १८८८ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. पाठोपाठ १८८९ मध्ये हाफकिनही तेथे पोहोचले. शिष्याने जंतूंविरुद्ध लस शोधली. गुरूने मात्र एक वेगळाच प्रश्न हाती घेतला : आपल्या आतड्यात जे जंतू कायमचे राहतात, ते आपले मित्र की शत्रू?

७/
मेचनिकॉफ यांचा तर्क असा होता : मोठ्या आतड्यातील काही जंतू अन्न कुजवतात, त्यातून विषारी द्रव्ये निघतात आणि शरीर लवकर म्हातारे होते. आंबवलेल्या दुधातील जंतू आम्ल तयार करून या कुजण्याला आळा घालतात. बल्गेरियातील दीर्घायुषी शेतकरी आंबट दूध खातात, याकडे त्यांनी बोट दाखवले. १९०७ मध्ये त्यांचे दीर्घायुष्यावरील पुस्तक इंग्रजीत आले आणि युरोपभर दह्याची लाट उसळली.

८/
त्याच पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आँरी तिसिए हे बालरोगतज्ज्ञ तान्ह्या मुलांच्या विष्ठेचा अभ्यास करत होते. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांत त्यांना दोन फाट्यांचा, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा जंतू विपुल आढळला. आज त्याच्या कुळाला ‘बायफिडोबॅक्टेरियम’ म्हणतात. जुलाब होणाऱ्या बाळांत हा जंतू कमी असतो, म्हणून तो बाहेरून द्यावा, असे तिसिए यांनी सुचवले. लहान मुलाचे पोट जंतू देऊन सुधारावे, ही कल्पना म्हणजे अँटिबायोटिकपेक्षाही जुनी आहे.

९/
१९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रोगप्रतिकारशक्तीवरील कामासाठी दोघांत विभागून दिले गेले : एली मेचनिकॉफ आणि जर्मनीचे पॉल एर्लिक. एर्लिक यांचे स्वप्न होते शरीराला धक्का न लावता केवळ जंतूला टिपणाऱ्या औषधाचे. विसाव्या शतकात जंतूंकडे पाहण्याच्या दोन दृष्टी एका व्यासपीठावर उभ्या होत्या. एकीत जंतूंबरोबर राहण्याचा विचार होता, दुसरीत जंतूंना मारण्याचा. पुढची साठ-सत्तर वर्षे दुसऱ्या दृष्टीची ठरली.

१०/
भारतात यातले काहीच नवे नव्हते, असे समाजमाध्यमांवर अनेकदा म्हटले जाते. त्यात अर्धेच सत्य आहे. चरकसंहितेत ग्रहणी आणि अर्श या पोटाच्या विकारांत ताक सांगितले आहे, हे खरे. महाराष्ट्राच्या घराघरांत आजारातून उठलेल्या मुलाला मऊ भात, मुगाचे वरण, ताक, पेज किंवा नाचणीची आंबील देण्याची रीत आहे, हेही खरे. परंतु ग्रंथकारांना सूक्ष्मजंतू ठाऊक नव्हते. त्यांची भाषा अग्नी आणि दोषांची होती. अनुभव जुना आहे, त्याचे स्पष्टीकरण नवे आहे. दोन्हींचा मान वेगवेगळा ठेवणे हेच इतिहासाचे काम.

११/
मेचनिकॉफ यांच्या दह्यालाही लवकरच धक्का बसला. १९२० च्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठात लिओ रेटगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की बल्गेरियन दह्यातील जंतू माणसाच्या आतड्यात टिकून वस्ती करत नाही. तो येतो आणि निघून जातो. आजच्या प्रोबायोटिक बाजारपेठेला हे शंभर वर्षांपूर्वीचे निरीक्षण अजूनही लागू पडते.

१२/
दुसरीकडे एर्लिक यांचे स्वप्न वेगाने साकार होत गेले. १९१० मध्ये उपदंशावरील साल्व्हर्सान आले, १९३० च्या दशकात सल्फा औषधे आली. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसलेल्या बुरशीतून १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि सहकाऱ्यांनी वापरण्याजोगे पेनिसिलिन मिळवले. १९४१ मध्ये ज्या पोलीस शिपायावर ते प्रथम वापरले, तो सुधारू लागला. पण औषधाचा साठा संपला आणि तो दगावला. आरंभीचा प्रश्न टंचाईचा होता.

१३/
ही टंचाई भारतात सर्वांत तीव्रतेने ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणजे साहिब सिंग सोखी, हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक. त्यांच्या काळात संस्थेत लसींबरोबर सल्फा औषधे देशातच स्वस्तात बनवण्याचे संशोधन झाले. काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे ते अध्यक्ष होते. औषध ही नफ्याची वस्तू होण्याआधी सार्वजनिक गरज आहे, ही त्यांची भूमिका.

१४/
त्या विचाराचे मूर्त रूप पिंपरीत दिसले. १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची नोंदणी झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तंत्रज्ञानासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आणि यंत्रसामग्रीसाठी युनिसेफने साहाय्य केले. युनिसेफ ही मुलांसाठी स्थापन झालेली संस्था. तिने औषधाच्या कारखान्याला हातभार लावावा, यातच त्या काळची निकड कळते. न्यूमोनिया, घटसर्प आणि प्रसूतिज्वर यांनी तेव्हा घरेच्या घरे रिकामी होत.

१५/
हे ठसवून सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा भाग अँटिबायोटिकविरोधी वाटण्याचा संभव आहे. तसा तो नाही. जंतूजन्य न्यूमोनिया, रक्तात पसरलेला संसर्ग, मेंदूज्वर किंवा विषमज्वर यांत योग्य अँटिबायोटिक वेळेवर न मिळाल्यास मूल दगावू शकते. पिंपरीच्या कारखान्याची चिमणी ही त्या पिढीच्या आयांसाठी आशेची खूण होती.

१६/
आता शिकागोचा प्रयोग. मार्जोरी बोनहॉफ, फिलिप मिलर आणि सहकाऱ्यांनी उंदरांना साल्मोनेला जंतू पाजले. निरोगी उंदराला संसर्ग होण्यासाठी सुमारे १,००,००० जंतू लागत. मग त्यांनी उंदरांना आधी तोंडावाटे स्ट्रेप्टोमायसिनची एक मात्रा दिली. आता १० पेक्षाही कमी जंतू पुरेसे ठरले. औषधाने उंदीर दुबळा झाला नव्हता. त्याच्या आतड्यात राहणारे आणि आजवर साल्मोनेलाला जागा न देणारे मूळ रहिवासी मेले होते.

१७/
या प्रयोगाने जे दाखवले, त्याला आज ‘वसाहतप्रतिरोध’ म्हणता येईल. आतड्यातील जुने जंतू अन्न आणि जागा अडवून ठेवतात, आम्ल तयार करतात, परक्यांना घातक द्रव्ये सोडतात आणि आतड्याच्या अस्तराला सतत जागे ठेवतात. अँटिबायोटिक घरमालक आणि घुसखोर यांत भेद करत नाही. बराकी रिकाम्या झाल्या, की त्यांत प्रथम कोण येऊन राहील, हे ठरवणे औषधाच्या हाती उरत नाही.

१८/
याच सुमारास आणखी एक कोडे उलगडत होते. १९३५ मध्ये आयव्हन हॉल आणि एलिझाबेथ ओ’टूल यांना निरोगी नवजात बालकांच्या विष्ठेत एक जंतू सापडला. तो वाढवायला इतका अवघड होता, की त्याच्या नावातच ‘डिफिसिल’ म्हणजे ‘अवघड’ हा शब्द आला. तान्ह्या बाळांत तो बहुधा निरुपद्रवी असतो. मात्र १९७८ मध्ये सिद्ध झाले, की अँटिबायोटिकनंतर मोठ्यांना होणाऱ्या आतड्याच्या एका गंभीर दाहामागे हाच जंतू असतो. शेजारी कोण आहेत, यावर जंतूचे वर्तन ठरत होते.

१९/
उपायाची दिशाही विचित्र ठिकाणाहून आली. १९५८ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक बेन आयझमन आणि सहकाऱ्यांनी असा दाह झालेल्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेतील जंतू बस्तीवाटे दिले आणि ते बरे झाले. एखाद्या एकट्या जंतूने जे साधत नाही, ते संपूर्ण वस्तीने साधले. ही कल्पना गांभीर्याने घ्यायला वैद्यकाला पुढची पन्नास वर्षे लागली.

२०/
लहान मुलांच्या बाबतीत प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण त्यांची वस्ती अजून वसतच असते. जन्माच्या वेळी आईकडून, मग दुधातून, त्वचेतून, घरातून जंतू येतात. साधारण तीन वर्षांच्या वयापर्यंत ही रचना प्रौढांसारखी होत जाते. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात, की बाळाला त्या पचवताच येत नाहीत. त्या असतात बायफिडोबॅक्टेरियासाठी. दूध बाळाबरोबर बाळाच्या जंतूंनाही पोसते. तिसिए यांचे निरीक्षण असे शतकानंतर उलगडले.

२१/
प्रतिकारशक्तीचा धागाही येथेच जुळतो. शरीराच्या संरक्षक पेशींचा मोठा वाटा आतड्याभोवती असतो. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये ही यंत्रणा अर्धवट राहते. कोणाशी लढायचे आणि कोणाला सोडायचे, याचे शिक्षण तिला मिळतच नाही. मेचनिकॉफ यांना नोबेल प्रतिकारशक्तीसाठी मिळाले आणि त्यांचे उत्तरायुष्य आतड्यांच्या विचारात गेले. हे दोन विषय एकच आहेत, हे सिद्ध व्हायला जवळजवळ शंभर वर्षे गेली.

२२/
वस्ती परत वसायला किती काळ लागतो? २०१६ मध्ये फिनलंडमधील २ ते ७ वर्षे वयाच्या १४२ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मॅक्रोलाइड गटातील अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांच्या आतड्यातील बदल दीर्घकाळ रेंगाळले. काही घटक पूर्ववत व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला. पेनिसिलिन गटाचा परिणाम तुलनेने सौम्य होता. प्रत्येक अँटिबायोटिक सारखे नसते, म्हणून निवड डॉक्टरांची असावी, दुकानदाराची नव्हे.

२३/
छावणीच्या इतिहासाकडे पुन्हा येऊ. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातील निर्वासित पश्चिम बंगालमधील बोनगाव येथे आले आणि पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात घालून नातेवाइकांनाच पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. ओआरएसचे महत्त्व जगाला पटवणारा हा प्रसंग. कल्याणच्या बराकी भरल्या, तेव्हा हे ज्ञान चोवीस वर्षे दूर होते.

२४/
या शोधाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. लहान मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. शौचातून रक्त जाणे, पटकी अशा मोजक्याच स्थितींत ते लागते. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी ओआरएसच्या जोडीला झिंकची शिफारस केली : सहा महिन्यांखालील बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरील मुलांना २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. आतड्याचे अस्तर सावरायला त्याने मदत होते आणि नंतरच्या काही महिन्यांतील जुलाबही कमी होतात.

२५/
दरम्यान टंचाईचे दिवस सरले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरील मक्तेदारी हटवून केवळ प्रक्रियेला पेटंट दिले. भारतीय कंपन्या तीच औषधे वेगळ्या मार्गाने स्वस्तात बनवू लागल्या. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींत, अंबरनाथ व बदलापूरसह, रसायने आणि औषधे यांचे कारखाने उभे राहिले. जे औषध ऑक्सफर्डच्या शिपायासाठी पुरले नव्हते, ते आता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये पट्टीने मिळू लागले.

२६/
टंचाईनंतर अतिरेक आला. फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानात हा धोका आधीच सांगितला होता : पेनिसिलिन दुकानात सहज मिळू लागेल, अज्ञानी माणूस अपुरी मात्रा घेईल आणि जंतू निर्ढावतील. भारताने २०१४ मध्ये ‘एच-१’ ही अनुसूची लागू करून अनेक अँटिबायोटिक्सच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यांना बंधनकारक केले. २०१६ पासून पट्टीवरील लाल रेषेविषयी जनजागृतीही सुरू झाली.

२७/
२०११ च्या जनगणनेनुसार उल्हासनगर, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या तीन शहरांत मिळून ९ लाख ३३ हजारांहून अधिक लोक राहत होते. त्यांतील ५ लाख ६ हजार एकट्या उल्हासनगरात, सुमारे १३ चौरस किलोमीटरमध्ये. शके ९८२ म्हणजे १०६० च्या शिलालेखाने प्रसिद्ध असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते. सांडपाणी आणि रसायनांनी तिची झालेली दशा हरित लवादापर्यंत पोहोचली. दाट वस्ती आणि दूषित पाणी यांतून वारंवार संसर्ग, संसर्गातून वारंवार औषध : मुलाच्या आतड्यातील वस्ती उभी राहते न राहते तोच पुन्हा मोडते.

२८/
मग प्रोबायोटिकचे काय? १९२० च्या दशकाच्या आरंभी फ्रेंच शास्त्रज्ञ आँरी बुलार इंडोचायनात असताना, पटकीच्या साथीत काही लोक लिची व मँगोस्टीनच्या सालींचा काढा पितात, हे त्यांनी पाहिले. त्या फळांपासून त्यांनी एक यीस्ट वेगळे केले. तेच ‘सॅकरोमायसिस बुलार्डी’. यीस्ट असल्यामुळे जंतुनाशक अँटिबायोटिकने ते मरत नाही. ‘लॅक्टोबॅसिलस’सारखे जीवाणू मात्र मरू शकतात. म्हणून डॉक्टर दोन औषधांत काही तासांचे अंतर ठेवायला सांगतात.

२९/
पुरावा काय सांगतो? २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात ३३ चाचण्या आणि ६,३५२ मुले होती. अँटिबायोटिक चालू असताना प्रोबायोटिक घेणाऱ्यांपैकी ८ टक्क्यांना जुलाब झाले, न घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना. लाभ खरा आहे. तो विशिष्ट जंतूंचा आणि पुरेशा मात्रेचा आहे. डब्यावर ‘प्रोबायोटिक’ लिहिलेल्या प्रत्येक पदार्थाला तो आपोआप लागू होत नाही.

३०/
याची दुसरी बाजू २०१८ मध्ये इस्रायलमधून आली. अँटिबायोटिक घेतलेल्या प्रौढांच्या एका लहान अभ्यासात, नंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांची मूळ वस्ती परत यायला काहीही न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेळ लागला. जुलाब रोखणे आणि मूळ वस्ती परत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात प्रोबायोटिक मदत करते. दुसऱ्यात ते मदत करतेच, असे म्हणता येत नाही.

३१/
भारतातील सर्वांत लक्षणीय प्रयोग ओडिशाच्या खेड्यांतला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ४,५५६ नवजात बालके होती. आयुष्याच्या पहिल्या दिवसांत आठवडाभर ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटारम’ आणि त्याला पोसणारी शर्करा दिलेल्या गटात जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. हा संसर्ग होण्याआधीच वस्ती बळकट करण्याचा प्रयत्न होता. मात्र तो देखरेखीखालील निरोगी, अंगावर पिणाऱ्या बाळांवर झाला. घरी आपल्या मनाने करण्याचा नव्हे.

३२/
पुण्यातही हे काम चालू आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की भारतीयांच्या आतड्यात ‘प्रीव्होटेला’ आणि ‘मेगास्फेरा’ हे जंतू विशेष प्रमाणात आढळतात. धान्य, डाळी आणि तंतुमय आहाराशी प्रीव्होटेलाचे नाते जगभरच्या अभ्यासांत दिसते. पाश्चात्त्य आतड्यांवर बेतलेली उत्तरे जशीच्या तशी बदलापूरच्या मुलाला लावता येणार नाहीत, हा याचा अर्थ.

३३/
या साऱ्या इतिहासातून पालकांच्या हाती काय येते?
• डॉक्टरांनी दिलेला कोर्स त्यांच्या सांगण्याप्रमाणे पूर्ण करणे. मनाने थांबवणे, वाढवणे वा गेल्या वेळची उरलेली बाटली देणे टाळणे.
• अंगावरचे दूध चालू ठेवणे.
• जुलाब झाल्यास ओआरएस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक.
• सहा महिन्यांनंतरच्या बाळाला नेहमीचे अन्न : मऊ खिचडी, वरण-भात, नाचणी, केळे, ताजे दही. उपाशी ठेवणे नाही.
• पाणी उकळलेले, हात धुतलेले.
• प्रोबायोटिक डॉक्टरांना विचारूनच.

३४/
दोन सावधगिरीच्या सूचना. अपुऱ्या दिवसांच्या, प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या किंवा अतिदक्षता विभागातील मुलांत प्रोबायोटिकमधील जंतू रक्तात उतरल्याच्या नोंदी आहेत. आणि शौचातून रक्त, थांबत नसलेली उलटी, लघवी कमी होणे, डोळे खोल जाणे, मलूलपणा, पाणीही न पिणे ही चिन्हे दिसली, तर दही, आंबील आणि थ्रेड सारे बाजूला ठेवून मुलाला रुग्णालयात न्यावे. सहा महिन्यांखालील बाळाला जुलाब झाल्यास तर वाट पाहूच नये.

३५/
१९०८ च्या त्या पारितोषिकाचे दोन मानकरी आज एकाच औषधचिठ्ठीवर भेटतात. वरच्या ओळीत एर्लिक यांच्या वाटेवरचे अँटिबायोटिक असते, खालच्या ओळीत मेचनिकॉफ यांच्या वाटेवरचे प्रोबायोटिक. वरची ओळ मिळावी म्हणून सोखींच्या पिढीने आयुष्य वेचले. ती गरज नसताना लिहिली जाऊ नये, ही जबाबदारी त्यानंतरच्या पिढ्यांची. कल्याणच्या ओस बराकींत एक शहर उभे राहायला वर्षे लागली; मुलाच्या पोटातील वस्तीलाही अन्न, स्वच्छ पाणी आणि वेळ द्यावा लागतो.

(थ्रेड समाप्त)